डाव्या बाजूचं दार

माझं डोकं लवकर तापतं, हे मी शिकवते त्या शाळेतल्या पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण मला भीती वाटते तेव्हा मी सगळ्यात जास्त ओरडते, हे फक्त बाबांना माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यात मी जितकी ओरडले तितकी आधीच्या चाळीस वर्षांत ओरडले नसेन. कारण म्हटलं तर एवढुसं. आमच्या गाडीची दारं आपल्या मनानं लॉक व्हायला लागली होती.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. पुसद, पांढरकवडा, राळेगाव, जिल्ह्यातला असा एक रस्ता नाही जो त्यांच्या चाकाखालून गेला नाही. फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय गेला. बोलणं थोडं जड झालं, पण राहिलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नुसता हातपाय गेला नाही, यांच्यासाठी डावी बाजूच गेली आहे. मला कळलं नाही. घरी आणून ताट वाढलं तेव्हा कळलं. त्यांनी उजवीकडची भाजी-भाकरी खाल्ली, डावीकडचा वरणभात तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "भात नाही केला काय वं आज?" मी ताट फिरवून दिलं. भात उजवीकडे आला, तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. मी मोरीत जाऊन रडले.

डोळे चांगले होते. पण डावीकडे काही असतं, तिकडे मान वळवायची असते, हेच त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. यवतमाळच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, पहिले चार-सहा महिने महत्त्वाचे, आठवड्यातून तीनदा आणा, खाडा करू नका. एसटीची पायरी चढणं बाबांना आता शक्य नव्हतं. तीस वर्षं ज्या गाडीत ते सगळ्यांच्या आधी चढले तिच्यात त्यांना चढवायला तीन माणसं लागली असती. म्हणून मी जुनी चारचाकी घेतली. एका कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरनं वापरलेली होती, दिसायला ठीक होती. सेंट्रल लॉक कंपनीचं नव्हतं, कोणी तरी मागाहून बसवून घेतलेलं. चारी दारं एका चावीनं लागतात-उघडतात हे पाहून मला तर आनंदच झाला होता.

सकाळची शाळा सुटली की मी बाबांना घेऊन निघायची आणि दुपारी तीनच्या पुढे परत फिरायची. येताना ऊन नेमकं डावीकडून, म्हणजे बाबांच्या दारातून आत यायचं. एसीचा जीव केवढा, समोरून गार फुंकर मारल्यासारखा. एप्रिलमध्ये एकदा घरी येऊन त्यांचा सदरा काढला तर डावा दंड उन्हानं लालभडक झालेला. त्यांना पत्ताच नव्हता. तो हात आपला आहे हेच त्यांना आठवत नव्हतं, तर त्याची आग कुठून कळणार. तेव्हापासून मी दुपट्टा ओला करून त्यांच्या काचेत अडकवायला लागले, अर्धा आत, अर्धा बाहेर. वाटेत वाळला की बाहेरून त्याच्यावर बाटलीतलं पाणी ओतायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, खिडकीचे पडदे, डोक्याचा दुपट्टा, सगळंच ओलं करतात. त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी अर्ध्या वाटेवरच्या निंबाखाली थांबले होते. पुढे नाला आहे आणि रस्ता त्याच्याकडे उतरत जातो. बाबांना उकडू नये म्हणून गाडी चालूच ठेवली, एसी चालू, चावी जागेवर. हँडब्रेक ओढला, उतरले, वळसा घालून त्यांच्या बाजूला आले, दुपट्ट्यावर अर्धी बाटली रिकामी केली आणि दाराला हात घातला.

खट् झालं. चारी दारांच्या खुंट्या एकदम खाली गेल्या.

मला आधी वाटलं, बाबांचा हात लागला असेल. पण त्यांचा तो हात मांडीवर पडला होता. मी काचेवर टकटक केलं. "बाबा, खुंटी वर करा." त्यांनी पाहिलंच नाही. जोरात केलं. त्यांना आवाज तर ऐकू येत होता, ते शोधत होते, पण उजवीकडे. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर काच बडवत होते आणि ते माझ्या रिकाम्या सीटकडे पाहून म्हणत होते, "निघाचं नाही काय? टाइम झाला ना."

मी धावत ड्रायव्हरच्या बाजूला गेले. आता मी त्यांना दिसले. दिसले म्हणून ते हसले. मी हातवारे करून सांगायला लागले की डावीकडे वळा, तुमच्या दाराची खुंटी ओढा. पण त्यांच्या लेखी तिकडे दारच नव्हतं. चावी त्यांच्या हाताच्या टप्प्यात होती, माझ्या दाराची खुंटी नव्हती. आणि तेवढ्यात त्यांचा उजवा हात, जो चांगला होता, तो गिअरवर गेला.

तीस वर्षांची सवय. गिअरवर हात ठेवला, हलवून पाहिला, मग तो खाली हँडब्रेककडे गेला. मी किंचाळले असेन, नक्की आठवत नाही. त्यांनीच मला गाडी शिकवली तेव्हा सांगितलं होतं की उतारावर उभी केली तर ब्रेकवर विसंबायचं नाही, चाकाखाली दगड लावायचा. मी दगड शोधायला पळाले. निंबाच्या मुळाशी एक धोंडा होता, तो पायानं लोटत, हातानं ढकलत चाकापुढे आणला. बोटं सोलली. बाबांनी ब्रेक सोडला, गाडी दोन बोटं पुढे सरकली आणि धोंड्याला टेकून थांबली.

दुसरा दगड उचलला, तो मागची काच फोडायला. तेवढ्यात परत खट् झालं आणि खुंट्या आपोआप वर आल्या. मी दार उघडून आधी हँडब्रेक ओढला आणि मग बाबांवर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "उतारावर दगड लावला ना? मंग?"

यवतमाळला फिजिओच्या दवाखान्यासमोरच एक गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा होता. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, कमी बोलणारा, कानाच्या मागे टेस्टर खोचलेला. बाबांना आत व्यायामाला बसवलं की मला तासभर मिळायचा. त्या तासात मी गाडी त्याच्यापुढे उभी केली.

"आपोआप लागते म्हंता ताई, पण आता तं नाही लागून राह्यली." त्यानं रिमोटचा सेल बदलला, फ्यूज काढून पाहिला, डॅशबोर्डखालची लॉकची डबी उघडून नाक लावून वास घेतला. काही जळालं नव्हतं. दहा वेळा लॉक केलं, दहा वेळा उघडलं. दर वेळी बरोबर. मी म्हटलं, "भाऊ, मी काय खोटं सांगून राह्यली काय?" तो म्हणाला, "खोटं नाही ताई. पण गाडी मले दाखोत नाही तोपर्यंत मी काय दुरुस्त करू?"

गाडी त्याला दाखवत नव्हती. त्याच दिवशी परतताना त्याच निंबाखाली तिनं मला पुन्हा दाखवलं. या वेळी दुसरी चावी काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात होती. लॉकमध्ये घालून फिरवली, खुंट्या वर आल्या आणि मी दार ओढायच्या आत परत खाली गेल्या. परत फिरवली, परत खाली. आत कोणी तरी बसून माझ्याशी झोंबाझोंबी करतंय असं वाटलं. चौथ्या वेळी एका हातानं चावी फिरवली आणि दुसऱ्यानं त्याच क्षणी दार खेचलं, तेव्हा कुठे उघडलं. पुढे पंधरा मिनिटं मी ते दार उघडंच धरून उभी राहिले, गाडी हलवली नाही.

त्यानंतर मला झोप लागेना. मनात एकच हिशेब चालायचा. गाडी बंद ठेवली तर व्यायाम बंद, आणि बाबांची डावी बाजू कायमची गेली. गाडी चालू ठेवली तर एक दिवस ती त्यांना आत कोंडेल आणि मी बाहेर उभी राहून पाहत बसेन. शाळेत पोरं वाचत असायची आणि मला खट् ऐकू यायचं. एका पोरीनं कंपासपेटीचं झाकण लावलं तर मी दचकून तिच्यावर खेकसले. नंतर तिला जवळ घेतलं, पण ती दिवसभर माझ्याकडे संशयानं पाहत होती.

दुसऱ्या खेपेला त्या वायरिंगवाल्या भावानं ड्रायव्हरचं दार उघडलं. दार आणि गाडी यांच्यामधून वायरी जातात तिथे रबराची नळी असते. ती सरकवून त्यानं मला आत तुटायला आलेली एक वायर दाखवली. "हे घ्या. दार उघडून-लावून तुटते. इथंच हाय तुमचा प्रॉब्लेम." वायर जोडली, त्या दारातली लॉकची मोटरही बदलली. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला रसवंतीवर नेऊन रस पाजला. पुढच्या दोन खेपा काही झालं नाही. ते दोन्ही दिवस आभाळ होतं, अवकाळीचे चार थेंबही पडले. तिसऱ्या खेपेला ऊन तापलं आणि निंबाखाली पुन्हा खट्.

या वेळी मी रडले नाही, माझं डोकं फिरलं. पुढच्या वेळी त्याच्या दुकानात गाडी अशी घातली की त्याच्या टायरच्या चळतीला लागली. "भाऊ, रस परत द्या माझा," मी म्हटलं. "तुमाले येत नसन तं तसं सांगा. माहा बाप बसते ह्या गाडीत. त्याले डावीकडचं दिसत नाही, त्याच्या बाजूचं दार त्याले ठाऊक नाही. गाडीनं त्याले कोंडलं तं तो हसत हसत मरन आतमधी."

त्यानं हातातला टेस्टर कानामागे खोचला. मग म्हणाला, "ताई, गाडी कधी लागते?"

"परत जाताना. निंबाखाली."

"तिथं काय करता?"

"काय करणार? थांबते, उतरते."

"सांगू नका. जसं रोज करता तसं इथं करून दाखवा. काही सोडू नका. मी बाबाच्या जागी बसतो." आणि तो खरंच बाबांच्या सीटवर बसला. पट्टा लावला, डावा हात मांडीखाली दाबून घेतला आणि समोर पाहत राहिला. त्याला तसं बसलेलं पाहून माझा राग थोडा उतरला.

मी गाडी चालू केली, एसी लावला, हँडब्रेक ओढला. चावी तशीच ठेवून उतरले, वळसा घालून आले. "बस," मी म्हटलं. "मंग मी दुपट्टा ओला करते आन निघते."

काचेच्या आतून त्यानं मान हलवली. "मंग करा ना ओला."

मला ते बावळटपणाचं वाटलं. दुकानाबाहेर दोघं-तिघं उभे राहून पाहत होते. तरी दुपट्टा काचेत अडकवला, बाटली आणली, थोडं पाणी ओतलं. काही झालं नाही. "रोज एवढंच टाकता?" आतून आवाज आला. नाही, अर्धी बाटली. मी अर्धी बाटली ओतली. दुपट्ट्यानं पिऊन उरलेलं पाणी काचेवरून खाली गेलं, काच दारात जिथे शिरते त्या फटीत. एवढ्या वेळा ओतलं होतं, पण ते पाणी जातं कुठे हे मी कधी पाहिलं नव्हतं.

खट्.

तो आत कोंडला गेला. मी गळ्यातल्या चावीला हात घातला तर त्यानं थांब म्हणून खूण केली आणि डाव्या दाराला कान लावला. खुंट्या वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता पण तो ऐकत राहिला. शेवटी स्वतःच खुंटी ओढून बाहेर आला. "हे दार पयले हालते," तो म्हणाला. "बाकीचे तीन ह्याच्या मागून. मी इतके दिवस ड्रायव्हरच्या दारात शोधून राह्यलो."

त्यानं दाराचं आतलं पॅड काढलं. मागाहून बसवलेल्या लॉकमध्ये पुढच्या दोन्ही दारांच्या मोटरी हुकूम सोडतात, मागच्या दोन नुसत्या ऐकतात, असं त्यानं मला समजावलं. डाव्या दारातल्या मोटरीत पाणी शिरलं की ती भलताच हुकूम सोडायची. त्यानं तिचा प्लग उपसला आणि मला म्हणाला, आता ओता. मी उरलेली बाटली ओतली. दारं गप्प.

"पण पाणी तं पावसाचंबी जाते दारात," मी म्हटलं.

"जाते ना. खालून निघून जाते. भोकं असते." त्यानं दाराच्या खालच्या कडेला बोटं फिरवली, मग टेस्टरचं टोक घालून खरवडलं. भोकातून आधी काही आलं नाही. मग एक राखाडी, ओला बोळा बाहेर आला आणि त्याच्या मागून पाण्याची धार लागली. अर्धी बादली तरी असेल. त्यानं तो बोळा बोटांत चोळून पाहिला. "रुई हाय. गाडी जिनिंगवर उभी राहत होती काय?"

हंगामभर जिनिंगच्या आवारात रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, तंतू उडत असतात, माणसांच्या भुवयांवरसुद्धा बसतात. मॅनेजरच्या गाडीच्या दारात ते वर्षानुवर्षं काचेच्या फटीतून पडत गेले होते. त्यांनी भोकं बुजवली. पण पाणी मी टाकलं होतं. आठवड्यातून तीनदा, बाबांचा दंड भाजू नये म्हणून, माझ्या हातानं. एसी बंद पडू नये म्हणून चावी आत ठेवली होती तीसुद्धा मीच. बाबांना कोंडणारं जे कोणी होतं त्याला मी महिनाभर शिव्या दिल्या होत्या. मी त्याच्या स्टुलावर बसले.

तो दार पुसत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माह्या मायनं कूलरवर पाणी मारता मारता लाइटचं मीटर जाळलं होतं ताई. होते."

मी त्याला म्हटलं, हे लॉकच काढून टाका, चारी दारांचं. तो म्हणाला, कायले काढता, नवी मोटर टाकतो, भोकं मोकळी झाली, आता काही होत नाही. मला ते पटत होतं, तरी मी हट्टाला पेटले. जे आपोआप होतं ते मला माझ्या बापाच्या आसपास नको होतं. शेवटी त्यानं डबी आणि मोटरी काढून एका पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. आता प्रत्येक दाराची खुंटी ज्याची त्यानं दाबायची आणि ज्याची त्यानं ओढायची.

फिजिओच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लाल चिकटपट्टी दिली. बाबांच्या खुंटीला गुंडाळा, म्हणाल्या. रोज सांगा, लाल दिसेपर्यंत मान वळवा. आणि तुम्ही मदत करू नका. हे शेवटचं मला जमण्यासारखं नव्हतं, पण मी हो म्हटलं.

मे संपत आला होता. निंबाखाली मी गाडी उभी केली, बंद केली, चावी काढून हातात घेतली. चाकाखाली धोंडा लावला. दुपट्टा आता काचेत नव्हता, ओला करून त्यांच्या खांद्यावरून दंडावर पांघरलेला होता. मी दार लावून वळसा घातला आणि डावीकडे येऊन उभी राहिले. त्यांची खुंटी खाली होती, मीच निघताना दाबली होती. काचेवर टकटक केलं.

बाबा माझ्या रिकाम्या सीटकडे पाहायला लागले. "निघाचं नाही काय?" म्हणाले. मी पुन्हा टकटक केलं. चावी माझ्या मुठीत होती, घातली असती तर दार लगेच उघडलं असतं. मनात दहापर्यंत मोजू म्हटलं. दहा झाले, मग वीस. आत किती तापलं असेल याचाच विचार येत होता. चावी लॉकच्या तोंडाशी नेली आणि तेवढ्यात त्यांची मान हलली. समोर आली, थांबली, पुन्हा थोडी हलली. हनुवटी खांद्याला लागेपर्यंत ते वळत राहिले, लाल पट्टी सापडेपर्यंत. मग उजवा हात छातीवरून आडवा घेत त्यांनी खुंटी चिमटीत धरली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा वर आली.

दार मी उघडलं नाही. त्यांनीच आतून ढकललं. आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, त्या बाजूला उभ्या असलेल्या मला त्यांनी पाहिलं.

"इथं काहून उभी हायेस वं उन्हात?" बाबा म्हणाले.

"तुमी दार उघडसान म्हणून," मी म्हटलं.